रोज दिसणारं होर्डिंग हळूहळू खरं वाटायला लागतं का?

पारसिकपार (धागाकर्ता):

घोडबंदर रोडवरून किंवा ठाणे-वाशी लोकलने रोज जा-ये करणाऱ्याला एकाच गृहप्रकल्पाचं होर्डिंग दिवसातून दोनदा दिसतं. महिन्याचे २५ दिवस धरले की ५० वेळा. शिवाय रेडिओवर तीच ओळ, मोबाइलवर तोच फोटो, पेपरच्या पहिल्या पानावर तीच इमारत. 'स्टेशनपासून ५ मिनिटांवर.' ते अंतर कुणी चालून पाहिलेलं नसतं. तरी दोन महिन्यांनी घरी विषय निघाला की 'ते स्टेशनजवळचं ना?' असं सहज तोंडातून जातं. दावा लक्षात राहतो, तो जाहिरातीतून आला होता हे मात्र विसरलेलं असतं.

यावर जुना प्रयोग आहे. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ६०-६० विधानं दिली आणि १ ते ७ मध्ये 'हे कितपत खरं वाटतं' ते विचारलं. २० विधानं तिन्ही वेळा तीच होती. त्यांचा सरासरी गुण ४.२ वरून ४.७ च्या आसपास गेला. नव्याने आलेली विधानं होती तिथेच राहिली. वाढ खऱ्या विधानांची झाली तशी खोट्यांचीही झाली. कारण साधं आहे: ओळखीचं वाक्य वाचायला कष्ट कमी पडतात, आणि त्या सहजपणालाच आपण खरेपणाची खूण समजतो.

'शिकलेल्या माणसाला फरक पडत नाही' हेही टिकत नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेझिओ आणि सहकाऱ्यांनी अशाच प्रयोगात वापरलेलं एक विधान होतं: स्कॉटिश लोक घालतात त्या आखूड, चुण्यांच्या घागऱ्याला साडी म्हणतात. त्या वस्त्राचं खरं नाव (किल्ट) ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाही अशी खोटी विधानं दुसऱ्यांदा वाचल्यावर थोडी जास्त खरी वाटली.

माझं म्हणणं असं की पुनरावृत्ती हे जाहिरातीचं निव्वळ वाहन नाही, ती स्वतःच एक युक्तिवाद आहे. तिच्यावर मर्यादा हवी.

दर_हजारी:

असहमत. प्रयोग बरोबर आहेत, पण निष्कर्ष ताणलाय. ७ पैकी अर्धा गुण वाढणं आणि खिशातून पैसे निघणं यात फार अंतर आहे.

मार्केटिंगचे संशोधक अँड्र्यू एहरनबर्ग यांनी १९७४ मध्ये नेमका हाच विषय घेतला होता. साबण, चहा, बिस्किटं अशा मालात त्यांना दिसलं की जाहिरात मन वळवत नाही, ती बहुतेक वेळा आहे ती सवय टिकवते. माणूस तीन-चार ब्रँड आलटून पालटून घेतो. जाहिरात एवढंच बघते की त्या तीन-चारांतून आपलं नाव गळू नये. क्रम असा: आधी नाव कानावर पडतं, मग एकदा घेऊन बघितलं जातं, आणि माल बरा निघाला तर जाहिरात ती पसंती पक्की करते. माल वाईट असेल तर हजार वेळा दाखवा, दुसरी वडी खपत नाही.

आणि पुनरावृत्ती वाढवली की परिणाम वाढतच जातो असंही नाही. जाहिरातींचे अभ्यासक हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये तीन पायऱ्या मांडल्या: पहिल्यांदा 'हे काय आहे?', दुसऱ्यांदा 'माझ्या काय कामाचं?', तिसऱ्यांदा नुसती आठवण. त्यापुढचं सगळं तिसऱ्याचीच आवृत्ती. पुढे पुढे कंटाळा येतो, मग चीड. म्हणून जाहिरातीच्या नियोजनात रीच (किती लोकांना दिसली) आणि फ्रिक्वेन्सी (प्रत्येकाला किती वेळा) वेगळे मोजतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जीआरपी. ६० टक्के लोकांना सरासरी ४ वेळा दाखवलं तर २४० जीआरपी होतात, आणि २० टक्के लोकांना १२ वेळा दाखवलं तरी २४०च. आकडा तोच, पण दुसऱ्या योजनेत पैसा त्याच त्या लोकांना वैतागवण्यात जातो.

मेंदूवर ताबा मिळवण्याच्या गोष्टींबद्दल तर बोलूच नये. १९५७ मध्ये बाजार-संशोधक जेम्स व्हिकरी यांनी सिनेमाच्या पडद्यावर डोळ्याला न दिसणारे संदेश टाकून पॉपकॉर्न आणि शीतपेयाचा खप वाढवल्याचा दावा केला. १९६२ मध्ये त्यांनीच कबूल केलं की हाती पुरेशी माहिती नव्हती. लोक अजून तीच गोष्ट सांगतात.

पारसिकपार:

व्हिकरींची गोष्ट खोटी निघून साठ वर्षं झाली आणि लोक अजून ती सांगतात, हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला.

पण एहरनबर्गचा मुद्दा मान्य. तो साबणापुरता. साबणाची वडी महिन्यात संपते, खोटा दावा महिन्यात उघडा पडतो. फ्लॅट माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. विमा, कोचिंग क्लास, गुडघ्याचं ऑपरेशन यांचंही तसंच. तिथे 'घेऊन बघितलं, आवडलं नाही, बदललं' ही पायरीच नाही. अनुभवाची गाळणी नसते तेव्हा डोक्यात उरतो तो फक्त पन्नास वेळा वाचलेला दावा. आणि ठाण्या-नवी मुंबईत सगळ्यात मोठे फलक नेमके अशाच वस्तूंचे आहेत.

सेक्टर_सतरा:

वाद चालू द्या, पण '५ मिनिटां'चं गणित करून ठेवा. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ५ मिनिटं = ४०० मीटर. रिक्षा ताशी ३० किमीने गेली तर अडीच किमी. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ने गाडी गेली तर ५ किमी. फलकावर यातलं कुठलं धरलंय ते लिहिलेलं नसतं. नकाशावर गेटपासून प्लॅटफॉर्मच्या जिन्यापर्यंत अंतर मोजा, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊला स्वतः जाऊन बघा.

दुसरं, १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन केला की महारेराचं पान उघडतं. तिथे आधी प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख बघा आणि ती पुढे ढकललीय का ते बघा. मग चटई क्षेत्र, मंजूर मजले, कोर्टातले दावे, जमिनीवरचा बोजा. अनेक क्रमांकांवरून जिल्हाही कळतो: पी५१७ ने सुरू होणारा ठाणे जिल्ह्यातला, पी५२० रायगडमधला. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर-पनवेल रायगडमध्ये. 'नवी मुंबई' या एका नावाखाली दोन्ही विकलं जातं.

'ऑफर आजच संपते' ही ओळ महिनाभर रोज चालत असेल तर तिला काही अर्थ नाही. २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन विक्रीतली खोटी घाई अनुचित ठरवलेली आहे. आणि रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. कलम १२ तर थेट जाहिरातीबद्दलच आहे: तिच्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. म्हणून फलकाचा आणि माहितीपत्रकाचा तारखेसह फोटो काढून ठेवा. तक्रारीच्या वेळी फलक बदललेला असतो.

दर_हजारी:

सेक्टर_सतरा यांचं पटलं. एकदाच होणाऱ्या खरेदीबद्दल पारसिकपार यांचा मुद्दाही मान्य करतो, तिथे मी साबणाचं माप लावायला नको होतं.

पण मर्यादा घालायची कशी? टीव्हीवर तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहेच, ती एकूण वेळेची. एकच जाहिरात किती वेळा, यावर नाही. डिजिटलमध्ये आम्ही जाहिरातवाले स्वतःच फ्रिक्वेन्सी कॅप, म्हणजे एकाला किती वेळा दाखवायचं याची मर्यादा लावतो, समजा माणशी आठवड्याला ५. ती गळते, कारण माणूस एक असला तरी मोबाइल, ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा टीव्ही यांना यंत्रणा तीन माणसं समजते. पाचाचे पंधरा होतात. शिवाय दोन कंपन्यांच्या दोन प्लॅटफॉर्मना एकमेकांचा हिशोब दिसत नाही. बूट घेतल्यावरही महिनाभर त्याच बुटांची जाहिरात मागे लागते, कारण ग्राहकांची यादी वगळण्याच्या यादीत कुणी टाकलेली नसते. तो निष्काळजीपणा आहे, कारस्थान नाही. होर्डिंगला तर कॅप लावायची सोयच नाही. रस्ता तोच, माणूस तोच.

कोपरी_पूर्व:

हे फक्त जाहिरातींना लागू नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्यापासून चार दिवस पाणी नाही' असा फॉरवर्ड पाच ठिकाणांहून आला की लोक पाच साक्षीदार आले असं धरतात. उगम एकच असतो. खुलासा करणारेही चूक करतात: ठळक अक्षरात आधी अफवाच लिहितात आणि खाली 'हे खोटं आहे'. आठवड्याने अफवा लक्षात राहते, 'खोटं' गळून पडतं. आधी खरी गोष्ट लिहा ('पाणीपुरवठा नेहमीप्रमाणे'), अफवेचा उल्लेख एकदाच करा, शेवटी पुन्हा खरी गोष्ट. आणि जुन्या मेसेजला उत्तर म्हणून खुलासा टाकू नका, तो मेसेज पुन्हा वर येतो.

पारसिकपार:

कोपरी_पूर्व यांचं हे खुलासे लिहिणाऱ्याने पाठ करावं असं आहे.

दर_हजारी, मर्यादा कठीण आहे हे कबूल. पण एक गोष्ट हातात आहे. २०२० मध्ये नादिया ब्राशियर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विधान पहिल्यांदा समोर येतं तेव्हाच 'हे खरं आहे का?' असं विचारायला लावलं, तर नंतर पुनरावृत्तीचा परिणाम होत नाही. अट एकच, त्या विषयाचं ज्ञान आधी डोक्यात हवं. ज्याची माहितीच नाही तिथे हा उपाय चालत नाही. म्हणजे ऐरोलीत राहणाऱ्याला ऐरोलीतली '५ मिनिटं' पहिल्याच दिवशी खोडता येतील. नागपूरहून बदली होऊन आलेल्या कुटुंबाला ती येणार नाहीत, आणि फलक बघून विश्वास ठेवणारे बहुतेक तेच असतात. त्यांच्यासाठी चालत किती मीटर, हा आकडा दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापायची सक्ती हवी. एका फलकावर एक आकडा जास्त, एवढंच मागणं आहे.

दर_हजारी:

मीटरच्या आकड्याला माझा पाठिंबा आहे. किती वेळा दाखवायचं यावर कायदा नको, हे मत मात्र तसंच आहे.