मक्याच्या सालपटांचं विनियर (लाकडावर चिकटवायचा पातळ थर) पावसाळ्यात फुगतंय, माझं काय चुकतंय?

येवलेकर_सुतारीण

नमस्कार मंडळी. येवला तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. आजोबा बैलगाड्या करायचे, वडील दारं-खिडक्या आणि देव्हारे करतात, आणि गेली पाच वर्षं मीही त्यांच्याबरोबर शेडमध्ये काम करते. आमच्याकडे कांद्याच्या खालोखाल मका. सोंगणी झाली की खळ्यावर सालपटांचा ढीग पडतो. थोडी गुरांपुढे जातात, बाकीची बांधावर पेटवतात.

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर फर्नांदो लापोसे या मेक्सिकन डिझायनरचं काम पाहिलं आणि रात्रभर झोप लागली नाही. तिकडे प्वेब्ला राज्यातल्या तोनाविश्तला नावाच्या गावात कणसाची सालपटं सोलून, इस्त्रीने सपाट करून, मागून अस्तर लावून त्यांचे लहान तुकडे कापतात आणि ते टेबलांवर, दिव्यांवर जडवतात. जांभळी, गुलाबी, लोण्याच्या रंगाची. त्याला तो ‘तोतोमोश्तले’ म्हणतो. लांबून उंची लाकूड वाटतं आणि जवळ गेलं की सालपटाच्या शिरा दिसतात. माझ्या मनात एकच आलं, हे तर आमच्या बांधावर जळतंय.

मार्चमध्ये एक टीपॉय केला, तीन फूट बाय दीड फूट. सालपटं भिजवली, इस्त्री मारली, चौकटीचे तुकडे कापले आणि पांढऱ्या गोंदाने थेट प्लायवर चिकटवले. वर मेलामाईन पॉलिश मारलं. उन्हाळाभर सुंदर होता. नाशिकच्या एका ताईंनी घेतला. जुलैत त्यांचा फोटो आला. मधोमध फोड आलेले, एका कडेला काळे ठिपके, आणि पाट चक्क वाटीसारखा वाकलेला. मी पैसे परत दिले आणि टीपॉय घरी आणला.

वडील म्हणाले, “पोरी, लाकूड काय कमी पडलं का आपल्याला?” पण संध्याकाळी पाहिलं तर जिथे फोड आले नव्हते त्या जागेवर ते अंगठा फिरवत उभे होते.

मला हे सोडायचं नाही. फोड का आले? पाट का वाकला? आणि रंगाचं काय करू? आमचा मका संकरित, सगळी सालपटं एकाच फिकट रंगाची. येवल्यातल्या पैठणीच्या रंगाऱ्याकडून रंगवून घ्यावीत असा विचार आहे. किंमत कशी लावायची तेही कोणी सांगितलं तर बरं होईल. फोटो जोडलेत.

---

पटाशी_आणि_रंधा (पुणे)

ताई, फोटो मोठे करून पाहिले. तुकड्यांचे सांधे सरळ आहेत, शिरांची दिशा तुम्ही आडवी-उभी फिरवली आहे. हात उत्तम आहे. चूक क्रमात झाली आहे.

मी अठ्ठावीस वर्षं विनियरचं काम करतोय. सालपट लाकडासारखंच वागतं, फक्त जास्त उतावळं. ओल लागली की लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र पसरतं. तुम्ही कोरडं सालपट पाण्याच्या गोंदावर ठेवलंत. ते गोंदातलं पाणी पिऊन पसरलं आणि त्याच अवस्थेत अडकलं. वाळताना आकसलं, तेव्हाच सांधे आतून ताणले गेले. उन्हाळ्यात हे दिसत नाही. हवेत दमटपणा आला की जिथे पकड कच्ची तिथून ते उचलतं. तोच फोड.

म्हणून अस्तर आधी. लापोसेच्या कामात सालपटामागे कागदाचा लगदा किंवा कापड असतं, ते काही दिखाव्याला नाही, सगळा भार तिथेच आहे. कणसाची बाहेरची जाड, खरबरीत पानं गुरांनाच घाला. आतली मऊ पाच-सहा घ्या. कोमट पाण्यात भिजवा, इस्त्रीने सपाट करा, आणि शिरा एका दिशेत ठेवून जाड कागदावर चिकटवा. दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवा, खालचे-वरचे रद्दी कागद रोज बदला. पूर्ण वाळल्याशिवाय कातर लावायची नाही. तुम्ही आधी कापलंत आणि मग ओलं केलंत, तिथे गणित उलटं झालं.

पाट वाकला त्याचं कारण अगदी साधं. वर थर, खाली उघडा प्लाय. दोन्ही बाजू ओल वेगवेगळी घेतात आणि पाट वाकतो. खालच्या बाजूलाही तेवढाच थर लावा, दिसला नाही तरी. साधी सालपटं चालतील, पण अस्तर तेच आणि पॉलिशचे हातही तेवढेच.

काळे ठिपके बुरशीचे आहेत. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी देतात, तेच सालपटं भिजवताना वापरून बघा. हातमोजे घाला. आणि कडा उघड्या ठेवू नका! पाणी नेहमी कडेतून शिरतं. चारी बाजूंनी सागाची पट्टी लावा, ती थराच्या केसभर वर राहू द्या, मग पॉलिश पेपरने सपाटीला आणा. तुमच्या वडिलांना हे मी सांगायची गरज नाही.

एक जोड देतो. फ्रान्समध्ये राय या धान्याच्या काडाचं असंच जडावकाम सतराव्या शतकापासून होतं. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये जाँ-मिशेल फ्राँक याने त्या काडाने भिंती आणि कपाटं मढवली. आज लिझाँ द कोन या बाई तिथे तेच काम करतात. काड नखाने चिरायचं, हाडाच्या पट्टीने दाबून सपाट करायचं, एकेक चिकटवायचं. रायच्या काडाला वरून सिलिकेचा कडक थर असतो, त्यामुळे पॉलिशशिवाय चमकतं. मक्याच्या सालपटाला ते चिलखत नाही. त्याला पातळ पॉलिशचे चार-पाच हात लागणारच, आणि दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्यावं लागेल.

---

हिरडा_बेहडा (सांगली)

ताई, पैठणीच्या रंगाऱ्याकडे तेवढं जाऊ नका. रेशमाचे रंग रेशमाला धरतात कारण रेशीम प्राण्यापासून येतं. सालपट हे कापसाच्या जातकुळीचं. रेशमी रंग त्याच्यावर वरवर बसेल आणि ओल्या फडक्याने सुटेल.

मी सुती कापड नैसर्गिक रंगांनी रंगवते. हिरड्याच्या काढ्यात सालपटं रात्रभर ठेवा, पिवळसर होतील. मग गंजलेलं लोखंड आणि गूळ पंधरा दिवस पाण्यात कुजवून जे पाणी निघतं त्यात बुडवा. डोळ्यांदेखत राखाडी होतात, दोनदा बुडवली तर जवळजवळ काळी. हा रंग उन्हाने सहज उडत नाही. हळद मात्र टाळा, खिडकीजवळ महिन्याभरात फिकी पडते.

फिकट सालपट आणि हिरड्याचं काळं, दोनच रंग. चौकटीच्या नक्षीला ते पुरेसे आहेत असं मला मनापासून वाटतं.

---

आइंडहोवनचा_नातू

किमतीबद्दल. मी नेदरलँड्समध्ये राहतो, पीट हाइन एक या डच डिझायनरचा कारखाना माझ्या घरापासून सायकलवर आहे. फिलिप्सची जुनी इमारत घेऊन तिथे तो भंगार लाकडाची कपाटं करतो. १९९० साली आइंडहोवनच्या डिझाइन अकादमीतून बाहेर पडताना त्याने भंगार फळ्यांचंच कपाट केलं होतं. तिथे उभं राहून पाहिलं की कळतं: माल जवळजवळ फुकट, पण रंगाचे पोपडे सांभाळत एकेक फळी जुळवायला वेळ किती जातो! किंमत त्या वेळाची आहे. तुम्हीही सालपटांचे पैसे लावू नका, तासांची वही ठेवा. सोलणं, भिजवणं, इस्त्री, सगळं लिहा. खळ्यावर कोणी बायका सालपटं निवडून देत असतील तर त्यांची मजुरी पहिल्या ओळीत.

लापोसेच्या रंगांबद्दलही एक सांगायचंय. ते रंग त्याने लावलेले नाहीत, ते देशी बियाण्याचे आहेत. त्या गावात जुने वाण मागे पडले होते, ते पुन्हा पेरले गेले तेव्हा जांभळं सालपट मिळालं. म्हणजे त्याच्या टेबलाची सुरुवात शेतात होते. तुमची सुरुवात येवल्याच्या खळ्यावर होतेय, तर त्याचा जांभळा हुडकू नका.

---

येवलेकर_सुतारीण

सगळ्यांचे खरंच आभार. साडेतीन आठवडे लागले म्हणून उशिरा लिहितेय.

एक फुटाचा नमुना केला. आतली सालपटं, बोरॅक्स, जाड कागदाचं अस्तर, दोन्ही बाजूंनी थर. पटाशीदादा, सागाची पट्टी मी कापायला घेतली तर वडिलांनी हातातून काढून घेतली आणि कोपरे स्वतः पंचेचाळीस अंशात जुळवले. मग तो नमुना आम्ही न्हाणीघराच्या दाराला टांगला, जिथे दिवसातून पाच वेळा वाफ येते. सतरा दिवस झाले, मोजपट्टी ठेवून पाहिली, वाकलेला नाही. फोड एकही नाही. एका कोपऱ्यात पट्टीलगत बोटभर जागा दाबली की अजून हलते. तिथे गोंद कमी पडला की आवळायचा शिकंजा नीट बसला नव्हता, ते कळत नाहीये. दादा, जवळचा फोटो टाकतेय, बघाल का?

हिरड्याचं पाणीही केलं. पहिलं सालपट लोखंडाच्या पाण्यात घातलं तेव्हा आई शेजारी उभी होती. ते काळं होताना बघून ती म्हणाली, अगदी चंद्रकळेचा काळा आहे गं. नक्षी तिनेच सुचवली: काळ्या पाटावर फिकट ठिपके, काठाला दोन रेघा. तासांची वही पण सुरू केलीय. आत्तापर्यंत एकतीस तास, त्यातले नऊ आईचे.