वॅक्सच्या आधी जेलकोट तपासा

जेट स्की फिकी पडली, चमक कशी आणू, या प्रश्नावर वर दोघातिघांनी 'चांगलं वॅक्स लावा, चमक परत येईल' असं सुचवलंय. ते मला पटत नाही. हाताला खडूसारखी पांढरी पूड लागत असेल तर उन्हाने जेलकोटचा (फायबरच्या बॉडीवरच्या रंगीत, चकचकीत लेपाचा) वरचा थर मेलेला असतो. त्यावर वॅक्स चढवलं तर चमक फार टिकत नाही. आधी तो थर काढायलाच हवा. किती खोल गेलाय हे बघायला साधी युक्ती आहे: जागा पाण्याने ओली करा. ओली असताना मूळ रंग गडद, तजेलदार दिसला तर बहुतेक वेळा रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) आणि लोकरी पॅडवर काम भागतं. त्याने नाही भागलं तरच १००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर), मग १५०० आणि २०००. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटरच असतो, त्यामुळे कडांवर पॉलिशिंग मशीन अजिबात रेटू नका, तिथे तो सगळ्यात आधी उडतो.

आणि एक गोष्ट इथे कुणीच विचारली नाही: तुमची जेट स्की नक्की जेलकोटची आहे ना? सी-डू स्पार्क या मॉडेलची बॉडी पॉलिप्रॉपिलीनची, रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला. तिथे वॉटर पेपर फिरवलात तर पृष्ठभाग कायमचा मंद होईल, कंपाउंडनेही आरशासारखी चमक येणार नाही. मालवण-गोव्याकडे पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात तेव्हा हे काम काढा, पण आधी गोड्या पाण्याने मीठ पूर्ण धुवा, नाहीतर तेच कण पॅडखाली ओरखडे पाडतात.