पिझारोच्या घरातली क्विस्पे सिसा : तिच्या तोंडी ‘मी’ घालावा का?

नदीकाठची

मंडळी, गेली तीन वर्षं एका कादंबरीला चिकटून बसले आहे. गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर पहिलं प्रकरण वाचलं आणि चहा गार होईपर्यंत भांडण झालं. तिथे कुणी कुणाचं ऐकून घेईना, म्हणून इथे मांडते.

पेरू म्हटलं की आपल्याला आधी फोड आणि तिखटमीठ आठवतं, देश नंतर. त्या देशातल्या वायलास खोऱ्यातली ही पोर, क्विस्पे सिसा. केचुआ भाषेत क्विस्पे म्हणजे स्फटिक, सिसा म्हणजे फूल. बाप इंका सम्राट वायना कापाक. आई कोंतारवाचो, वायलासची सरदारीण. नोव्हेंबर १५३२ मध्ये पेरू जिंकायला आलेल्या स्पॅनिश फ्रान्सिस्को पिझारोने काहामार्काच्या चौकात इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं आणि कैदेत असतानाच अताहुआल्पाने आपली ही सावत्र बहीण पिझारोला देऊन टाकली. तो पन्नाशी उलटलेला, ही विशीच्या आतली. बाप्तिस्मा होऊन तिची इनेस झाली. १५३४ मध्ये हौहा गावी मुलगी झाली, फ्रान्सिस्का. पुढच्या वर्षी मुलगा, गोन्सालो. थोड्याच वर्षांत पिझारोने तिचं लग्न आपल्या पदरच्या फ्रान्सिस्को दे आम्पुएरोशी लावून दिलं. मुलं वाढली पिझारोच्या भावजयीकडे.

ती ठळक दिसते ती दोनच ठिकाणी, आणि दोन्हीकडे आरोपीसारखी. १५३६ मध्ये इंका सैन्याने लिमाला वेढा घातला तेव्हा आसार्पाय नावाची तिची सावत्र बहीण तिथे पिझारोच्या घरातच होती. वेढ्याला हिचीच फूस आहे, असे कान इनेसने मत्सरापोटी भरले आणि पिझारोने आसार्पायला गळा आवळून मारवलं, असं लिहून ठेवलेलं आहे. दुसरं १५४७ मधलं. नवऱ्याने नीट वागवावं म्हणून तिने जाणत्यांना बोलावून जडीबुटी करवली, असा आळ.

मी हे दोन्ही ‘मी’ म्हणून लिहिणार आहे, कान भरणंसुद्धा. कट्ट्यावर दोघं म्हणाले, बिचारीची बदनामी कशाला? मला हे ‘बिचारी’च नको आहे. विस्मृतीतून बाई वर काढायची आणि लगेच न्हाऊमाखू घालून देव्हाऱ्यात बसवायची, हे आपण फार केलं. जिला वाईट वागता येत नाही ती बाई कसली, ती तसबीर.

कादंबरीचं नाव ‘पिस्पिता’. पिझारो तिला लाडाने असं म्हणायचा. त्याच्या एस्त्रेमादुरा प्रांतात एका पक्ष्याला म्हणतात, आपल्याकडचा धोबी किंवा परीट. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही त्याचं दुसरं नाव धोबीणच आहे. पहिल्या प्रकरणाची सुरुवात अशी : ‘सांता नदीच्या दगडावर एक काळापांढरा पक्षी शेपूट नाचवत होता. पुढे त्याच्याच नावाने मला हाक मारली जाणार होती, हे मला काय ठाऊक!’

बोला.

खलबत्ता

ताई, वाईट वागायचा हक्क खुशाल द्या, पण ती वाईट वागली हे सांगितलं कुणी? पेद्रो पिझारोने. म्हणजे पिझारोच्याच नात्यातला, त्याच्याच घरात वाढलेला पोरगा. लिहिलं केव्हा? १५७१ मध्ये, पस्तीस वर्षांनी. आणि त्या वेढ्याच्या वेळी हा गडी लिमात नव्हताच, तो तिकडे इंकांच्या राजधानीत, कुस्कोत, दुसऱ्या वेढ्यात अडकलेला होता. म्हणजे ऐकीव. आपल्याकडे बखरीतलं एखादं वाक्य असंच आलं तर तुम्हीच आधी विचाराल, बखरकार कुणाच्या पदरी होता आणि कधी लिहीत होता. इथे ती चाळणी कुठे गेली?

‘ध’ चा ‘मा’ विसरलात का? शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोष राघोबाला दिला, पण पोरासोरांच्या तोंडी काय राहिलं? आनंदीबाईने अक्षर बदललं. पुरुषाने खून करवायचा आणि बाईने खाडाखोड केली म्हणून सांगायचं, ही वहिवाट जुनी आहे. पेद्रो पिझारो तेच करतो. आणि तरीही त्याला राहवत नाही. बाईला जहाजात घालून मुलखाबाहेर धाडता आलं असतं, मारायचं कारण नव्हतं, असं तोच पुढे म्हणतो. हुकूम कुणाचा होता, हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे.

तुम्ही तीच खाडाखोड तिच्या तोंडून कबूल करून घेताय. कोर्टात याला कबुलीजबाब म्हणतात आणि तो कसा घेतला ते विचारतात.

नदीकाठची

आनंदीबाईचा टोला बसला, खरं सांगते. पेद्रो कुस्कोत होता हे मला माहीत होतं, पण मी ते सोयीने बाजूला ठेवलं होतं.

तरी एक सांगा. त्या घरात इनेसचं स्थान कशावर होतं? पिझारोच्या मर्जीवर आणि दोन लेकरांवर. त्याच घरात सम्राटाची आणखी एक लेक आलेली. तिला भीती वाटली नसेल? कान भरले की नाही हे मला सांगता येणार नाही. भरावेसे वाटले असतील, एवढं तरी लिहू द्याल की नाही?

जुना_बाजार

इंका, केचुआ, लिमा. उच्चार करताना जीभ वळेना आणि म्हणे मराठी कादंबरी. गोव्यात १५१० मध्ये अल्बुकर्कने आपल्या शिपायांची लग्नं इथल्या बायकांशी लावून दिली. त्यातल्या एकीचं तरी मूळ नाव कुणाला माहीत आहे? घरची म्हातारी उपाशी आणि पेरूला शिधा!

रेघोटी

@जुना_बाजार, म्हातारीला जेवायला घालायला तुम्हाला कुणी अडवलंय का? लिहा की.

शिवाय तो काळ इतका परकाही नाही. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे गोव्यावर आणि लिमावर एकाच माणसाची सही चालायची. त्याच सुमारास मुघलांच्या मुलखातली एक मुलगी पोर्तुगीजांच्या हाती लागून मनिलाला विकली गेली आणि तिथून जहाजाने मेक्सिकोत पुएब्लाला पोचली. कातारिना दे सान हुआन. १६८८ मध्ये ती वारली तेव्हा लोक तिला संत मानायचे. तिच्या पाद्र्याने तीन खंडांचं चरित्र लिहिलं आणि इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यावर बंदी घातली. आता हिला घरची म्हणाल की परकी?

पण धागालेखिकेशीही माझं भांडण आहेच. मला ‘मी’च खटकतो. इंकांकडे लिपी नव्हती, हिशेब आणि नोंदी दोरीच्या गाठींत. अशा जगातली मुलगी आत्मकथा सांगायला लागली की ती हटकून सदाशिव पेठेतल्या बाईसारखी बोलते. ‘हे मला काय ठाऊक’ हे वाक्य तर थेट दिवाळी अंकातून उठून आलंय. तृतीय पुरुषात लिहा, अंतर ठेवा. नाहीतर आन्हेलिनाला घ्या. ती आधी अताहुआल्पाची बायको, मग पिझारोची रखेल, त्याला दोन मुलगे झाले. शेवटी तिने हुआन दे बेतान्सोसशी लग्न केलं. हा नवरा केचुआ जाणणारा. १५५० च्या दशकात त्याने इंकांचा इतिहास लिहिला तो बायकोच्या माहेरच्या आठवणींवर. त्याची पहिली अठराच प्रकरणं लोकांना ठाऊक होती. पूर्ण हस्तलिखित स्पेनमधल्या मायोर्का बेटावर सापडून १९८७ मध्ये छापलं गेलं. तिथे निदान तिच्या घरचं बोलणं कुणीतरी टिपून घेतलंय.

खलबत्ता

टिपून घेतलंय ते नवऱ्याने. म्हणजे परत मधे पुरुष. चालू द्या.

सातासमुद्रापार

मी माद्रिदला असते. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी त्रुहियोला गेले होते, पिझारोचं गाव. चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा, टोपात पिसं खोचलेली. आमचे हे आईस्क्रीम घेऊन तिथेच बसले. मी समोरच्या वाड्याकडे बघत राहिले. त्या वाड्याचा कोपराच मुळात खिडकी आहे. दोन भिंती मिळतात तिथे कोरून सज्जा काढलाय, वर हे भलंमोठं कुळचिन्ह आणि खिडकीच्या दोन्ही अंगांना चार मुखवटे. एका बाजूला पिझारो आणि इनेस. दुसऱ्या बाजूला त्यांची लेक फ्रान्सिस्का आणि तिचा नवरा. नवरा कोण? एर्नांदो पिझारो, तिचा सावत्र चुलता. पिझारोचा जुना भागीदार आल्माग्रो, त्याला मारल्याबद्दल एर्नांदो मेदिना देल काम्पोच्या किल्ल्यात कैद होता. फ्रान्सिस्का १५५१ मध्ये पेरूहून स्पेनला आली आणि पुढच्याच वर्षी त्या कैदखान्यात त्याच्याशी लग्न झालं. ती सतरा-अठराची, तो पन्नाशीचा.

मान वर करून बघताना माझ्या डोक्यात एकच आलं. ‘विस्मृत’ म्हणता, पण ही बाई तर साडेचारशे वर्षं चौकात डोळे उघडे ठेवून बसलीय. तिला विसरू दिलं नाही ते लेकीने आणि जावयाने, आणि तेही प्रेमापोटीच असेल असं नाही. पिझारोच्या मिळकतीवर हक्क सांगायचा तर सासू राजकन्या असलेली बरी! दगडातली इनेस म्हणजे वारसदाखला आहे हो. तुमच्या कादंबरीत हा सज्जा आला नाही तर मी रुसणार.

नदीकाठची

सज्जा येतो, शेवटच्या प्रकरणात. पण ‘वारसदाखला’ हा शब्द मी ढापणार, आधीच सांगते.

@रेघोटी, ‘काय ठाऊक’ काढते. पण ‘मी’ सोडणार नाही, कारण तृतीय पुरुषात लिहायला बसले की माझा आवाज आपोआप बखरकारासारखा होतो.

घाटावरचा

मला वेगळंच खटकतंय. इथे सगळे धरून चाललेत की तिने ‘आपल्यां’शी बेइमानी केली की नाही हा प्रश्न आहे. आपले म्हणजे कोण? वायलास हा इंकांनी जिंकून घेतलेला मुलूख. सम्राटाने सरदारणीशी सोयरीक केली तीच मुळी तो मुलूख मुठीत ठेवायला. म्हणजे क्विस्पे सिसाची आईसुद्धा एका जेत्याच्या घरात दिलेली. लिमाच्या वेढ्यात कोंतारवाचोने डोंगरातून माणसं आणि शिधा पाठवला तो पिझारोच्या मदतीला. कुस्कोच्या गादीसाठी तिने का मरावं? आपल्याकडे एकाच घरातला एक भाऊ आदिलशाहीत आणि दुसरा निजामशाहीत असायचा, तिथे आपण ‘वतन’ म्हणून समजून घेतो. वायलासच्या बाईने वतन राखलं की लगेच फितूर?

धागालेखिकेने मत्सर, जडीबुटी, सवतमत्सर असलं सगळं माजघरातलं घेतलं आणि फौज पाठवणारी आई एका वाक्यात उरकली. मला कादंबरी आईची वाचायची आहे.

खलबत्ता

+१. पण मीठ लावून घ्या. आईने मदत केल्याच्या साक्षी येतात कुठून? इनेस आणि आम्पुएरो पुढे वायलासच्या उत्पन्नासाठी दरबाराशी भांडत होते त्या दाव्यातून. साक्षीदार ‘आम्ही तुमच्या कामी आलो’ हेच सांगायला उभे. फौज गेली असेलच, पण किती आणि किती खुशीने, हे दाव्यात नेहमी जरा फुगतं. जमिनीचा एक दावा ज्याच्या घरात चालू आहे त्याला हे सांगायला नको. आमच्या घरात १९७८ पासून चालू आहे.

जडीबुटीचं मात्र लिहा. तो आळसुद्धा स्पॅनिश कारकुनाच्या लेखणीतून आलाय, तरी तो त्याच काळातला, त्याच गावातला. आणि त्यात ती काय मागते ते बघा. सूड नाही, सत्ता नाही. नवऱ्याने नीट वागावं. पिझारोचा दरारा होता तोवर आम्पुएरोची छाती झाली नसती. १५४१ मध्ये पिझारो मारला गेला, त्यानंतरची सहा वर्षं त्या घरात कशी गेली असतील, तिथे तुमचा ‘मी’ हवा तेवढा बोलू द्या. मी हरकत घेणार नाही.

घाटावरचा

कागद नसेल तिथे ‘मी’ बोलणार आणि असेल तिथे गप्प, असं का? उलट करा.

पाणवठा

धागा उशिरा बघितला. कादंबरीतलं मला कळत नाही, मी पक्षी बघणारा माणूस. फक्त एक शंका.

परीट म्हणजे धोबी आपल्याकडे थंडीत उत्तरेकडून येतो. ओढ्याकाठी, ओल्या रानात, अगदी गच्चीवरच्या टाकीपाशीही दिसतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. युरोप, आशिया, आफ्रिका, सगळीकडे त्याचे भाऊबंद आहेत. दक्षिण अमेरिकेत मात्र परीट नाहीतच. म्हणजे पिझारोने त्याच्या गावाकडच्या आठवणीतून नाव दिलं असेल ते ठीक, पण सांता नदीच्या दगडावर तो शेपूट नाचवत बसणं शक्य नाही. तुमच्या नायिकेने तो पक्षी जन्मात पाहिलेला नसणार.

नदीकाठची

अरे देवा. ते प्रकरण मी अकरा वेळा लिहिलंय.

रेघोटी

म्हणजे तिला आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली ते कशाचं, हे तिला दाखवायला कुणाकडे काही नव्हतंच. आणि तुम्ही ते नाव मुखपृष्ठावर छापताय?

नदीकाठची

वाक्य काढलं, आत्ताच. नदी ठेवली, दगड ठेवला, वर कुणी बसलेलं नाही. आता ती पिझारोला विचारते की पिस्पिता म्हणजे काय, आणि तो हाताने शेपूट हलवून दाखवतो. दुभाषा हसतो. तिला वाटतं, कुत्रा.

शीर्षक राहतंय.

खलबत्ता

कुत्रा झकास. आणि आसार्पायचं प्रकरण?

नदीकाठची

शुक्रवारी टाकते. वाचून मग भांडा.