मदत हवी आहे: नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून घरातला कूलर सुरू केला की स्क्रीन काळी होते

नमस्कार मंडळी, चार दिवस झाले डोकं खराब होऊन राहिलंय, दुकानात कार्ड बदलून घ्यायची मुदत परवा संपते म्हणून जरा लांबलचक लिहितोय, प्लीज पूर्ण वाचा.

मी नागपूरला महाल भागात राहतो, लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग घरूनच करतो. आय५ १०४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आतापर्यंत १०५० टीआय कार्ड होतं. फोर-के फुटेज आलं की टाइमलाइन अडकायची, एक्सपोर्टला रात्र जायची, म्हणून सीझनचे पैसे साठवून बर्डीवरून आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीवालं. जुनं कार्ड ७५ वॉटचं, सगळी पॉवर स्लॉटमधूनच घ्यायचं, हे १७० वॉट खातं आणि कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) सांगते, माझा ४५० चा होता म्हणून तोही बदलून ६५० चा टाकला. तेव्हा पॉवर कमी पडत असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या दिवशी तर डिस्प्लेच नाही आला. पंखे फिरून राहिले, लाइट लागले आणि मॉनिटरवर नो सिग्नल. ते सापडलं. आठ पिनचा कनेक्टर सहा आणि दोन अशा दोन तुकड्यांत येतो ना, त्यातला दोनवाला अर्धाच आत गेला होता, वरून बघितलं तर बसलेला दिसायचा. दोन्ही तुकडे बोटांनी जुळवून टक्क आवाज येईपर्यंत दाबले, लगेच चालू. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डलाच लावली आहे (एफवाल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयवर तसंही काही आलं नसतं).

आता खरा प्रॉब्लेम. मॉनिटर २७ इंची, १४४० पी, १४४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतं). जुन्या कार्डावर मी तो ६० वरच चालवायचो, नवीन आल्यावर १४४ केला. आणि तेव्हापासून काम करता करता स्क्रीन दोन सेकंद काळी होते आणि आपोआप परत येते. पीसी बंद होत नाही, गाणं सुरू असेल तर सुरूच राहतं, एक्सपोर्टही थांबत नाही. आधी वाटलं कधीही होतं, मग आईच्या लक्षात आलं की ती बाजूच्या खोलीतला कूलर सुरू करते तेव्हाच मी ओरडतो. बटण दाबलं की स्क्रीन गेली, बंद केलं की परत गेली. दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा झालं.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढायचं सॉफ्टवेअर) ड्रायव्हर साफ करून नवीन टाकला, मग एक जुना टाकून बघितला, फरक नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (तिथे एररची नोंद होते) ४१०१ वाली एंट्री, म्हणजे ड्रायव्हर पडून परत उठला अशी, एकही नाही. बाहेर ४४-४५ आहे म्हणून गरमीवर संशय होता पण रेंडर करतानाही कार्ड ७२ च्या वर गेलं नाही. रिफ्रेश रेट ६० केला तर प्रॉब्लेम गायब. जुनं कार्ड परत लावलं तरी गायब, पण ते मी ६० वरच बघितलं, १४४ वर बघायचं सुचलंच नाही. केबल जुनीच एचडीएमआय आहे, पाच मीटरची, टीव्हीसोबतची. दुकानदार म्हणते कार्डात काही नाही, घरची लाइन बघा. दोन ऑर्डर अडकल्या आहेत आणि नवरीच्या घरचे रोज फोन करून राहिले. कार्ड बदलू, केबल बदलू की काय करू?

अपडेट, दुसऱ्या दिवशी रात्री:

ज्या ताईंनी इथे उत्तरात कॅबिनेटला टेस्टर लावून बघायला सांगितलं त्यांचे मनापासून आभार. मागच्या स्क्रूला लावला तर टेस्टरमध्ये लाल उजेड! अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, ते मी इतके दिवस मनावरच घेतलं नव्हतं. सकाळीच वायरमनदादांना बोलावलं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे, आमच्याकडे १०८ निघाले. ते म्हणाले की एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट बॉडीवर टाकतात, तो अर्थिंगने जमिनीत जायला पाहिजे, तार जोडलेली नसली की निम्मं व्होल्टेज कॅबिनेटवरच बसून राहतं. घर जुनं, मेन बोर्डातली अर्थिंगची तार गंजून सुटलेली, आणि अंगणातला खड्डा कोरडा ठणठणीत, काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. तार नवीन टाकली, खड्ड्यात मीठ आणि बादल्या भरून पाणी ओतलं. आता टेस्टर विझलेला, मीटरवर १.८ व्होल्ट.

पण स्क्रीन पूर्ण सुधारली नाही. १४४ वर दहापैकी दोन वेळा अजून जायची. मग दुपारी दीड मीटरची डिस्प्ले पोर्ट केबल आणली आणि आईला कूलर वीस वेळा चालू-बंद करायला लावला, एकदाही नाही गेली. जुनी केबल लांब होती, १४४ वर डेटा जास्त जातो, त्यात मोटरचा झटका आला की सिग्नल तुटायचा, असं मला वाटतं. बरोबर आहे ना?

आता एकच विचारतो. बदलीची मुदत उद्या संध्याकाळी सातला संपते. एवढे दिवस बिनाअर्थिंगचं चाललं त्याने नवीन कार्डाला किंवा एसएमपीएसला मार बसला असेल का, आणि ते कळायला आज रात्रभर कोणती टेस्ट लावून ठेवू? मी जागाच आहे.