वडिलांचा जुना ०७० चेनसॉ: रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही

देवरुखचा_बंड्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडे स्टिलचा ०७० आहे, १०६ सीसीवाला, चोवीस इंची बार. बाबांचा लाकडाचा धंदा होता तेव्हा त्यांनी तो एका ठेकेदाराकडून जुना घेतला होता. धंदा बंद झाल्यावर मशीन माळ्यावर गेलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि आमच्या वाडीच्या रस्त्यावर आईन आडवा झाला, तेव्हा खाली काढलं. पेट्रोल टाकलं, प्लग पुसला, चालू! तेव्हापासून पडलेला फणस, आंब्याच्या वाळक्या फांद्या, पावसाआधीचं जळवण, एवढ्यापुरतं वापरतो.

आता त्रास असा. थंड असताना नीट सुरू होतं. पाचेक मिनिटं कापलं की रेस सोडली तरी इंजिन खाली यायचं नाव घेत नाही, चेन फिरतच राहते. कधी आपोआप आवाज चढत जातो आणि मग फट्कन बंद. मशीन मॅग्नेटच्या (चुंबक असलेल्या फिरत्या चाकाच्या) बाजूने आडवं केलं तर आवाज वेगळाच येतो. प्लग काढून बघितला, पांढुरका आहे. गावातल्या एका मेकॅनिकने कार्बोरेटरचे स्क्रू उघडून दिले. दोन दिवस बरं चाललं, परत तेच.

बाबा म्हणतात, "आम्ही चाळीस नंबरचं इंजिन ऑइल टाकायचो, तुम्ही ते निळं पाणी टाकता म्हणून असं होतं." मी २टी (टू स्ट्रोकचं ऑइल) टाकतो, लिटरला २० मिली.

ऑनलाइन नवा कार्बोरेटर स्वस्तात मिळतोय. घेऊ का? की सगळंच भंगारात देऊ? बाबांच्या देखत ते शक्य नाही हे आधीच सांगतो.

रानपाखरू

कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त रेसला पेट्रोल कमी-जास्त करणारा) अजून अर्धा फेरा उघडा, काम होईल. नाहीतर चायनाचा ५२ सीसी घ्या आणि सुखी व्हा. एवढं धूड उचलून कंबर कशाला मोडायची?

कराडचे_टूस्ट्रोक_काका

बंड्या, पहिलं काम म्हणजे कारण सापडेपर्यंत त्या मशीनची दोरी ओढू नको. आणि पाखरू, राग मानू नका, पण स्क्रू उघडून हा आजार झाकला जातो, जात नाही. त्याच्या मेकॅनिकने तेच केलं की.

माझी हयात बजाज, लॅम्ब्रेटा आणि येझदीत गेली. आता दुकान मुलाकडे आहे, मी घरामागं शेडात लोकांचे कटर आणि फवारणी पंप बघतो. तू लिहिलेली सगळी लक्षणं एकाच गोष्टीची आहेत: इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) ओढलं जातं, तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. क्रँककेसला कुठंही फट पडली की कार्बोरेटरला न विचारता कोरडी हवा आत येते. मिश्रण पातळ झालं की आवाज चढतो, प्लग पांढरा पडतो. आणि ऑइल पेट्रोलबरोबरच येतं ना? पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. मग एक दिवस भर कापणीत पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

मॅग्नेटच्या बाजूला आडवं केल्यावर आवाज बदलतो म्हणतोस. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य शाफ्ट) जरा इकडं-तिकडं सरकत असणार आणि सीलची फट कमी-जास्त होत असणार. माझा पहिला संशय त्या बाजूच्या ऑइल सीलवर, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यावर. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनचं सील दगड झालेलं असतं. दुसरा संशय कार्बोरेटरखालच्या पॅकिंगवर, तिसरा डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्हवर (सुरू करताना सिलिंडरचा दाब कमी करतो तो). ०७० ला तो असतो, त्याची सीट खराब झाली की तिथूनही गळतं.

आधी सायलेन्सर खोल, पोर्टमधून बॅटरी मार. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर पुढचं काम मोठं आहे, इथंच सांग. मशिनिंगच्या बारीक रेघा दिसत असतील तर वाचलास.

आता दाबाची चाचणी. त्याचं खास उपकरण येतं, पण घरात बीपीचं घड्याळवालं मशीन असेल तर तेवढं पुरे. डिजिटल नको, पाऱ्याचंही नको. कार्बोरेटर उतरव. त्या जागी आणि सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून पत्र्याची जाड पट्टी आवळ. जुना प्लग घे, त्याची चिनीमाती फोडून काढ, आत तांब्याची बारीक नळी घालून एम-सीलने भर, रात्रभर वाळू दे. हा प्लग बसव आणि पिस्टन सगळ्यात खाली आण. खाली असताना ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेस आणि सिलिंडर जोडणाऱ्या वाटा) उघडे असतात, म्हणून वरून भरलेली हवा क्रँककेसपर्यंत पोचते. नळीला बीपीची रबरी नळी लाव आणि २५० पर्यंत फुगव. तो साधारण पाच पीएसआय दाब झाला. कंपनी ०.५ बार सांगते. बीपीचा काटा ३०० ला संपतो, म्हणजे ०.४. आपलं भागतं. पण नळी जोडण्याआधी ती चिमटीत धरून नुसतंच फुगवून बघ. या मशीनचा स्वतःचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा गळका असतो आणि माणूस उगाच इंजिन खोलत बसतो.

काटा अर्धा मिनिट जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लाव, बुडबुडे कुठं येतात बघ. सील बघायला मॅग्नेट काढावं लागेल. त्यासाठी प्लगच्या भोकातून दोरी आत सोड म्हणजे पिस्टन अडेल आणि नट सुटेल. नायलॉनची दोरी हं! तुम्हा कोकणवाल्यांकडे काथ्या हाताशी असतो, पण त्याची कूस आत राहते. आणि पिस्टनने एक्झॉस्ट पोर्ट झाकल्यावरच दोरी घाल, नाहीतर दोरी पोर्टात चेपते. मॅग्नेट पुलरने काढ. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारलास तर क्रँक वाकला समज.

मॅग्नेट निघालंच आहे तर आतले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) बघून घे. तुझं मशीन पॉइंटवालं असेल तर गॅप ०.३५ ते ०.४ मिलीमीटर, फीलर गेजने. पॉइंट साफ करायला पॉलिश पेपरचे तुकडे नकोत, कोरं पोस्टकार्ड ओढ. कंडेन्सर गेला असेल तर पॉइंटवर निळसर-काळं जळलेलं दिसेल.

नवा कार्बोरेटर घेऊ नको. जुना टिलॉटसन कंपनीचा असेल तर त्याच्या जवळपासचंही काही त्या स्वस्त मालात मिळत नाही. डायफ्रॅम (कार्बोरेटरातला पातळ पडदा) बोटाने दाबून बघ. कापडासारखा मऊ पाहिजे. कागदासारखा कडकड वाजला तर किट टाक, खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढ. एचएल जातीचा असेल तर आतल्या लिव्हरचं टोक चेंबरच्या तळाशी एका पातळीत पाहिजे, वर नको, खाली नको.

मृणाल_सावंतवाडी

काकांचं वाचून भावाच्या ग्रासकटरचं कोडं सुटलं. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पेट्रोलबद्दल थोडं.

पंपावर आता ई२० मिळतं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या मशीनची रबरं त्यासाठी केलेली नाहीत. नळी फुगते, चिकट होते, डायफ्रॅम आखडतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आपल्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं. टाकीतल्या फिल्टरचं तोंड नेमकं तळालाच. तळातल्या थरात ऑइल जवळजवळ नसतं, हे जास्त वाईट.

खात्री करायची असेल तर मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा, उघड्यावर, विस्तवापासून लांब. तळाचा थर १० वरून ३० च्या आसपास गेला तर ते ई२० आहे.

मिरगाआधी टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही सुकतो. बंड्याच्या बाबतीत अर्थातच दुरुस्ती झाल्यावर.

नेकारकाठचा_पुणेकर

स्टुटगार्टहून. स्टिलची मुख्य कचेरी इथून जवळ, वाइब्लिंगेनला. ०७० हा १९५९ च्या काँट्रा मॉडेलच्या घराण्यातला. माझ्याकडे काँट्राच आहे, जुन्या बाजारातून उचललेला, त्यामुळे बंड्याच्या बाबांशी माझं लगेच जमेल.

ऑइलबद्दल: कंपनीच्या आजच्या पुस्तिकांत स्वतःच्या ऑइलला १:५० आणि दुसऱ्या कुठल्याही टू स्ट्रोक ऑइलला १:२५ असं लिहिलेलं असतं. पंपावरचं २टी असेल तर लिटरला ४० मिली टाक. बाबांचं चाळीस नंबर त्या काळी चालायचं, पण त्याने सायलेन्सर आणि पोर्ट काजळीने भरतात. तरी त्यांचं अर्धं खरं आहे, तुझं प्रमाण कमीच होतं.

काकांनी जे लिहिलं नाही ते सांगतो. ०७० ला चेन ब्रेक नाही. स्टिलने ब्रेक १९७२ ला आणला, हे डिझाइन त्याआधीचं. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि त्या वेळी चेन थांबवणारं काही नसतं. मोठं खोड आडवं पडलेलं असेल, दोन्ही पाय नीट रोवता येत असतील तरच हे मशीन. फांद्या छाटायला, झाडावर चढून, खांद्याच्या वर धरून कधीच नाही. इथे सरकारी जंगलातून जळाऊ लाकूड कापून न्यायचं तर आधी चेनसॉचा अभ्यासवर्ग केल्याचा दाखला लागतो. मला सुरुवातीला तो अतिरेक वाटला होता, वर्गातले फोटो बघितल्यावर वाटेनासा झाला.

आणि रेस सोडल्यावर चेन फिरत राहते हे तू सहज लिहून गेलास. या मशीनच्या बाबतीत ते सहज घेण्यासारखं नाही.

रानपाखरू

काका, राग कसला. पण मग चाळीस मिली टाकल्यावर प्लग काळा पडणार त्याचं काय?

कराडचे_टूस्ट्रोक_काका

ऑइल वाढवलं की तेवढीच जागा पेट्रोलची कमी होते, म्हणजे मिश्रण उलट किंचित पातळच होतं. प्लग काळा पडला तर तो जास्त पेट्रोलने, स्क्रूने ठीक होतो. स्कूटरवाल्यांचा हा गैरसमज मी आयुष्यभर ऐकला.

देवरुखचा_बंड्या

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

पिस्टन चांगला आहे, ओरखडे नाहीत. आधी बीपीचं मशीन तपासलं, ते ठीक निघालं. (बाबांचंच आहे. इंजिनाला लावताना बघून म्हणाले, "आता ह्याला गोळी पण सुरू करा.") २५० पर्यंत फुगवलं, दहा मोजायच्या आत काटा शंभरच्या खाली. कार्बोरेटरच्या पट्टीखाली बुडबुडे आले, ती परत आवळली. डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह ठीक. मॅग्नेट काढलं आणि सीलवर साबण लावला, तर शाफ्टभोवती फेसच फेस. तुमचा पहिला संशयच खरा. पॉइंट होते, काळे पडलेले. पोस्टकार्ड मिळालं नाही, लग्नपत्रिका वापरली.

अडचण अशी की सीलवरचा नंबर पुसला गेलाय. रत्नागिरीला बेअरिंगच्या दुकानात जायचंय, काय मागू? क्लचच्या बाजूला बुडबुडे नाहीत, ते सील राहू देऊ का?

कराडचे_टूस्ट्रोक_काका

राहू देऊ नको. दोन्ही एकाच वयाची आहेत. दाबाला टिकलं म्हणजे ओढीलाही टिकेल असं नसतं. आतून ओढ लागली की सीलचा ओठ उचलला जातो. क्लच काढताना आधी बाणाची खूण शोध. बहुतेक चेनसॉचा क्लच उलट्या आट्याचा असतो, जोर लावून उलटा आवळत बसशील.

त्याहून आधी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलव. ठक ठक लागलं तर बेअरिंग गेलंय, आणि तसंच नवं सील टाकलंस तर महिनाभरात पुन्हा माझ्याकडे येशील. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जरासं सरकलं तर चालेल, वर-खाली अजिबात नको.

दुकानात तीन मापं सांग: शाफ्टचा व्यास, सीलच्या घराचा व्यास आणि रुंदी. व्हर्निअर कुणाचा तरी मागून आण, पट्टीने मोजू नको. वायटन (पेट्रोलला टिकणारं रबर) मिळालं तर वायटन घे, मृणालताईंनी सांगितलेल्या पेट्रोलला ते बरं. काढण्याआधी जुनं सील किती खोल बसलंय ते मोजून ठेव. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ओठाला ग्रीस. शाफ्टला चावीची खाच असते, तिच्या धारेने ओठ कापतो. जुन्या एक्स-रे फिल्मची सुरळी शाफ्टवर चढव आणि तिच्यावरून सील सरकव. मग बाहेरच्या कडेएवढा पाईपचा तुकडा किंवा सॉकेट लावून हळूहळू ठोक, वाकडं जाऊ देऊ नको.

सगळं जोडण्याआधी बीपीची चाचणी परत. टिकलं तर दोन्ही स्क्रू अलगद पूर्ण बंद करून एकेक फेरा उघड आणि तिथून सुरुवात कर. त्या मेकॅनिकने उघडलेल्या जागीच राहिले तर आता नुसता धूर मारेल. चेन चढवण्याआधी नुसतं इंजिन सुरू करून रेस सोड आणि क्लच ड्रम थांबतो का ते बघ. तो थांबल्याशिवाय चेन नाही.

चेनचा फोटोही टाक. ०.४०४ पिचची असेल तर कानस साडेपाच मिलीमीटरची लागेल, आणि तुमच्याकडच्या लाल मातीत ओढलेल्या लाकडावर चालवली असेल तर रेकरचीही (दातापुढच्या उंचवट्यांचीही) वाट लागलेली असणार.