सरासरी बिलांनंतर एकदम आलेली ३१ महिन्यांची थकबाकी : भरावी की अडवावी?

मानेवाडाकर

नमस्कार. नागपूरच्या मानेवाडा भागातील आमच्या घराची वीजजोडणी वडिलांच्या नावे आहे. नोव्हेंबर २०२२ ते मे २०२५, म्हणजे सलग ३१ महिने, बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘फॉल्टी’ असे छापून येत होते आणि दरमहा १४० युनिटांचे सरासरी बिल लावले जात होते. आम्ही दोनदा तोंडी सांगितले आणि एकदा लेखी अर्जही दिला. त्याची पोच जपून ठेवली आहे. जूनमध्ये मीटर बदलले आणि जुलैच्या बिलात ‘समायोजन’ या एका शब्दाखाली ४६,२१० रुपये जोडून आले. जुने मीटर कर्मचारी घेऊन गेले, पण त्याच्या तपासणीचा कोणताही कागद आम्हाला मिळालेला नाही.

वडिलांचे वय ७४ आहे. त्यांनी आजवर एकही बिल मुदतीनंतर भरलेले नाही, त्यामुळे वीज कापतील या धास्तीने ते मुदत ठेव मोडून सगळी रक्कम भरायला निघाले आहेत. शेजारचे काका मात्र एक रुपयाही भरू नका म्हणतात. नेमके काय करावे?

जाता जाता आणखी एक विचारतो. सिलिंडर घरी आणून देणारा मुलगा पावतीपेक्षा ३० रुपये जास्त मागतो. ते द्यावे लागतात का?

संत्रानगरी

मीटर सदोष असेल तर वाद ज्या महिन्यात उद्भवला त्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचेच बिल दुरुस्त करता येते, असे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमावलीत, आहे. माझ्या बाबतीत दोन वर्षांची थकबाकी याच आधारावर तीन महिन्यांवर आली होती. आपणही हेच सांगावे. बाकी २८ महिने आपोआप गळतील.

वकीलपेठ

वरील नियम बरोबर आहे, परंतु तो मीटर खरोखर सदोष असल्यासच लागू होतो. बिलावर ‘फॉल्टी’ छापले म्हणून मीटर सदोष ठरत नाही. रीडिंग घेणाऱ्याने घराकडे न फिरकताच तो शेरा मारल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि मीटर ठीक चालत असेल तर त्यावर नोंदलेले युनिट आपण वापरलेले आहेत, हे नाकारता येणार नाही. म्हणून पहिला प्रश्न असा, की काढून नेताना जुन्या मीटरचा डिस्प्ले चालू होता का आणि त्यावर किती आकडा होता? मीटर बदली अहवालात तो लिहिलेला असतो. त्याची प्रत आणि आपल्या समक्ष चाचणी, या दोन्ही गोष्टी आजच लेखी मागा, कारण जुने मीटर एकदा भंगारात गेले की दोन्ही बाजूंना नुसती शब्दांची लढाई उरते.

काकांचा सल्ला धोक्याचा आहे आणि वडिलांची घाईही अनावश्यक आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी पुरवठा तोडता येत नाही. शिवाय वाद प्रलंबित असताना ग्राहकाने कंपनीने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे मागणी मान्य नसल्याचे नोंदवून, भरली, तर पुरवठा तोडता येत नाही. आपल्या बाबतीत ही रक्कम ४६,२१० च्या जवळपासही जाणार नाही.

मानेवाडाकर

मनःपूर्वक आभार. वडिलांच्या मोबाइलमध्ये मे महिन्यात काढलेला मीटरचा फोटो सापडला. डिस्प्ले चालू आहे आणि आकडा १६,७९० आहे. ऑक्टोबर २०२२ च्या बिलावरचे शेवटचे खरे रीडिंग ८,४१२ होते.

वकीलपेठ

म्हणजे ३१ महिन्यांत ८,३७८ युनिट, सरासरी महिन्याला २७०. नागपूरचा उन्हाळा आणि दोन कूलर धरले तर हा वापर अविश्वसनीय वाटत नाही. तेव्हा तीन महिन्यांच्या नियमावर सगळी भिस्त ठेवू नका. तो मुद्दा पर्यायी म्हणून अवश्य मांडा, कारण ‘फॉल्टी’ हा शेरा आपला नव्हे, कंपनीचाच आहे.

बिल घेतलेले युनिट ४,३४० होतात, राहिले ४,०३८. त्यासाठी ४६,२१० रुपये म्हणजे युनिटमागे ११ रुपयांहून अधिक दर पडतो. इथे मला शंका येते, की सगळे युनिट एकाच महिन्यात टाकून वरच्या टप्प्याचा दर लावला असावा. घरगुती दराचे टप्पे ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि त्यापुढे असे आहेत. युनिट महिनावार विभागले तर आपला वापर बहुतेक महिने दुसऱ्या टप्प्यातच बसतो. स्लॅबचा, म्हणजे या टप्प्यांचा, लाभ देऊन केलेला महिनावार तक्ता मागा. माझ्या मते सर्वाधिक पैसे इथेच वाचतील.

मुदतीचा मुद्दा वेगळा आहे. कलम ५६(२) मध्ये थकबाकी वसूल करण्यास दोन वर्षांची मर्यादा आहे. मागणी प्रथमच जुलै २०२५ मध्ये झाली असल्याने नोव्हेंबर २०२२ ते जून २०२३ हे आठ महिने वगळावेत, असे म्हणता येईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाचा २०१९ चा निर्णय त्यासाठी उपयोगी पडतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात असे म्हटले, की चुकीमुळे राहिलेल्या रकमेची पुरवणी मागणी मुदतीनंतरही करता येते, फक्त तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. कंपनी हाच निर्णय पुढे करील, हे गृहीत धरूनच अर्ज लिहा. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनुसार एका आर्थिक वर्षात दोनहून अधिक तात्पुरती (आपल्यासारखी रीडिंगविना दिलेली) बिले देता येत नाहीत. तेव्हा विलंब आकार आणि व्याज तरी पूर्ण माफ व्हावे, असा आग्रह धरा.

संत्रानगरी

माझे उत्तर घाईचे झाले. माझ्या मीटरचा डिस्प्ले बंद पडला होता, हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

दाद कुठे मागावी, एवढे सांगतो. उपविभागात अर्ज देऊन निकाल लागला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. वकील लागत नाही. माझे प्रकरण मीच मांडले होते. मंचाचा आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते, आणि त्यांचे एक कार्यालय नागपुरातच असल्याने मुंबईची वारी वाचते. वीजचोरीचा किंवा कलम १२६ खालील अनधिकृत वापराचा आरोप असेल तर मात्र मंचाला अधिकार नाही. आपल्या बिलावर तसे काही नाही ना, हे एकदा पाहून घ्या.

सिलिंडरच्या पावतीवरील किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, त्यामुळे ते ३० रुपये देणे बंधनकारक नाही. आम्ही सणासुदीला खुशीने देतो, ती गोष्ट निराळी. आणखी एक, सिलिंडर समोर वजन करून मागा. त्यावर लिहिलेल्या रिकाम्या वजनात १४.२ किलो मिळवले की हिशेब लागतो.

मानेवाडाकर

बिलावर चोरीचा वा १२६ चा उल्लेख नाही. आज चालू बिल आणि सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम ‘अंडर प्रोटेस्ट’ असे पत्र जोडून भरली. मीटर बदली अहवाल, समक्ष चाचणी आणि स्लॅबनिहाय तक्ता यांसाठी अर्ज देऊन पोच घेतली. अहवाल हाती आला की त्यावरचा आकडा इथे कळवतो. मुदत ठेव अजून मोडलेली नाही.