मदत हवी आहे: कामगारांच्या सूचनांचा माग ठेवायला काय वापरता?

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं मशीन शॉप आहे, ऑटो पार्ट्सचं. कायझेन (कामात सतत छोट्या-छोट्या सुधारणा) सूचना योजना चालवायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सूचनापेटी आहे, चिठ्ठ्याही येतात, पण पुढे त्यांचं काय होतं ते कोणालाच कळत नाही.

परवाचंच उदाहरण. व्हीएमसीवरच्या (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) एका ऑपरेटरने सुचवलं की फिक्स्चरवर, म्हणजे जॉब (घडवायचा भाग) पकडून ठेवणाऱ्या साधनावर, एक छोटी पिन बसवा, म्हणजे जॉब उलटा बसणारच नाही. साधा पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती! टूलरूममध्ये अर्ध्या दिवसाचं काम. चिठ्ठी मात्र मीटिंगची वाट बघत फायलीत पडून, आणि तो माणूस आता म्हणतो, "साहेब, लिहून काय उपयोग?" त्याचं चूक नाही.

टोयोटात १९५१ पासून अशी योजना चालू आहे. तिथे सूचना आधी लाइन सुपरवायझरच बघतो. आमच्याकडे सगळं थेट कमिटीकडे जातं, गाडी बहुधा तिथेच अडते.

गूगल फॉर्म आणि एक्सेल करून पाहिलं, पण शीट भरणारा मी एकटाच. ट्रेलोचा (कामांची कार्डं लावायचं ऑनलाइन ॲप) बोर्ड ऑफिसला आवडला, शॉप फ्लोअरवर कोणी उघडत नाही. मोबाइलवर मराठीत फोटोसकट सूचना टाकता येईल आणि "मंजूर, चालू, झालं" हे टाकणाऱ्यालाच दिसेल, असं स्वस्तातलं काही आहे का? की फळ्यावर कार्डं लावणंच बरं?

आणि बक्षीस: प्रत्येक सूचनेला ठरावीक रक्कम देता, की झालेल्या बचतीतला वाटा? वाट्यावरून भांडणं होतात म्हणे. प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी जरूर सांगा. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.